फिनिक्स लँडरने मधल्या पाच महिन्यांत काय केलं, तेही छापा

नोव्हेंबर 2008

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात एक बातमी होती की नासाचं फिनिक्स लँडर मंगळावर थंडीमुळे बंद पडलं. मे महिन्यात ते उतरलं तेव्हाही अशीच छोटी बातमी आली होती. मधल्या काळात त्याने तिथे काय काम केलं त्यातलं काहीच आलं नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की गेलं आणि बिघडलं. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर पेपर वाचून म्हणाले, "बघा, एवढे पैसे पाण्यात गेले." तेव्हापासून मला राहवत नाहीये म्हणून लिहितेय.

मी डिचोलीला शाळेत विज्ञान शिकवते आणि मे महिन्यापासून हे यान फॉलो करतेय. आपल्या वेळेप्रमाणे 26 मेच्या पहाटे ते उतरलं, मंगळाच्या उत्तरेला, 68 अंश अक्षांशावर, म्हणजे पृथ्वीवर जिथे आर्क्टिक सुरू होतो तसल्या जागी. तिथेच का, तर 2002 मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या ओडिसी यानाला तिथल्या जमिनीत भरपूर हायड्रोजन सापडला होता, म्हणजे खाली बर्फ असणार असा अंदाज, पण प्रत्यक्ष हात लावून कोणी बघितलं नव्हतं. याला चाकं नाहीत, उतरलं तिथेच उभं राहायचं, सोलर पॅनलवर चालायचं आणि 2.35 मीटरच्या हाताने समोरची माती उकरायची. काम ठरलेलं मंगळाच्या 90 दिवसांचं (तिथला दिवस आपल्यापेक्षा 40 मिनिटांनी मोठा), आणि ते 2 नोव्हेंबरपर्यंत बोलत होतं, पाच महिन्यांच्या वर.

जूनमध्ये इथे पाऊस लागला आणि शाळा सुरू झाली तेव्हा तिकडे पहिला चर खणून झाला होता. चराच्या तळाशी पांढरं काहीतरी आणि फाशाएवढे थोडे पांढरे खडे. तो फोटो मी आठवीच्या वर्गात दाखवला तर एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, ते मीठ असेल." मला इतका आनंद झाला, कारण नासातले शास्त्रज्ञसुद्धा त्या आठवड्यात हाच वाद घालत होते, मीठ का बर्फ. चार दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो आला आणि त्यात ते खडे गायब! मीठ असं उडून जात नाही. तिथे हवा इतकी विरळ की बर्फाचं पाणी होतच नाही, कापूर उडतो तसा तो सरळ वाफ होऊन जातो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मुलांनीच ते शोधून काढलं, मी काही सांगितलं नाही.

पण फोटोवर भागत नाही, ती माती यानातल्या छोट्या भट्टीत घालून तापवून बघायची होती, आणि इथे खरी पंचाईत झाली. आधी साधी माती भट्टीच्या जाळीवर टाकली तर तिचे ढेकूळ झालेले, आत पडेचना, जाळी कित्येक दिवस हलवत बसले तेव्हा कुठे ती आत गेली. मग बर्फाळ माती घ्यायची तर खालचा थर सिमेंटसारखा कडक, तो किसून घ्यावा लागला, आणि किसलेली माती हाताच्या टोकाच्या खोऱ्यातच चिकटून बसली, उलटं केलं तरी खाली पडत नाही. हे दोनदा झालं. शेवटी जी माती उघड्यावर दोन दिवस राहिली होती, जिच्यातलं थोडं पाणी उडून गेलं होतं, ती भट्टीत पडली, तापवली, आणि शून्य अंशाला बर्फ वितळल्याचं दिसलं. 31 जुलैला जाहीर केलं की हे पाणी आहे. एवढ्या लांबून, रेडिओ सिग्नल पोचायलाच मिनिटं लागतात तिथून, एका चिकट मातीशी माणसं दिवसच्या दिवस झगडत होती, हे मुलांना कळायला नको का? नंतर त्याच मातीत परक्लोरेट नावाचं क्षार सापडलं, चुनखडीच्या जातीचं कॅल्शियम कार्बोनेट सापडलं जे तयार व्हायला पाणी लागतं, आणि माती आम्लारी निघाली. यातल्या एकेका गोष्टीवर लेख होऊ शकतो.

आता थंडीचं सांगते. सुरुवातीचे जवळजवळ तीन महिने तिथे सूर्य मावळतच नव्हता, उन्हाळा होता. मग सूर्य खाली खाली यायला लागला. 14 ऑगस्टला, इथे चवथीची तयारी चालू होती तेव्हा, तिथे सकाळी सहाचा फोटो निघाला त्यात लाल जमिनीवर पांढरट पातळ थर दिसतो, रात्रीच्या थंडीत साचलेलं हिम, ऊन चढलं की नाहीसं होणारं. आमच्या मुलांनी हिम कधी बघितलेलं नाही, त्यांनी पहिलं बघितलं ते मंगळावरचं. सप्टेंबरच्या शेवटी कॅनडाने बसवलेल्या लेसरच्या उपकरणाने चार किलोमीटर वरच्या ढगांतून बर्फ पडताना पकडला, जमिनीवर पोचायच्या आधीच त्याची वाफ होत होती. असं याआधी कुणीच पाहिलं नव्हतं.

ऊन कमी म्हणजे वीज कमी, आणि थंडी वाढली म्हणून हीटरला वीज जास्त. आपल्याकडे दिवाळी होती त्याच दिवसांत तिथे धुळीचं वादळ आलं, पॅनलवर ऊन अजूनच कमी पडलं. शेवटी एकेक हीटर बंद करायचं ठरलं, आधी हाताचा, म्हणजे उरलेली वीज कॅमेऱ्याला आणि हवामानाच्या उपकरणांना मिळेल. खणायचं थांबलं तरी बघायचं थांबवू नये म्हणून केलेला तो निर्णय होता. आता पुढचे महिने तिथे सूर्यच उगवणार नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा गोठून जमिनीवर आणि यानावर साचणार. हे सगळं उतरायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. वसंतात वीज मिळाली तर जागं हो असा आदेश त्याच्यात आहे, पण कुणालाही फारशी आशा नाही. तेव्हा पैसे पाण्यात गेले म्हणणाऱ्या सरांना माझं सांगणं आहे की पैसे पाणी शोधायलाच गेले होते आणि ते सापडलं.

संपादकसाहेब, गोव्यात तर हा विषय लांबचा वाटायलाच नको. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 1981 मध्ये मुरगाव बंदरातून निघाली. वास्कोला सड्यावर अंटार्क्टिका आणि महासागरांचं संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे, बर्फाचा अभ्यास करणारी माणसं रोज तिथे कामाला जातात. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत मातीखाली असाच बर्फ असतो, त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारून मराठीतून एक लेख मागवा, पानभर द्या, आम्ही तो वर्गात लावू.

आणि आता आपलं चांद्रयान-1. शनिवारी ते चंद्राच्या कक्षेत गेलं, सगळ्या पेपरांनी पहिलं पान दिलं, फार छान वाटलं. येत्या 14 तारखेला त्यातून तिरंगा रंगवलेलं उपकरण चंद्रावर सोडणार आहेत, ती बातमीही मोठी येईलच. पण त्यावर 11 उपकरणं आहेत आणि काम दोन वर्षांचं ठरलेलं आहे. त्याचंही असं होऊ नये की सुटलं ते छापलं, बंद पडलं ते छापलं आणि मधलं राहिलं. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक छोटी चौकट ठेवा, या आठवड्यात कुठल्या उपकरणाने काय बघितलं एवढंच. लिहायला माणूस नसेल तर मी आणि माझे विद्यार्थी टिपणं काढून द्यायला तयार आहोत, पैसे नकोत, फक्त चुका तपासायला कुणीतरी जाणकार द्या.

आपली,
एक शिक्षिका, डिचोली