राखेतली ओयाकी

नागानो

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

"जपानात शाकाहारी माणूस खातो तरी काय?" असं खवचटपणे विचारलं होतंस. खातो रे, आणि नागानोत तर पोटभर खातो. इथली ओयाकी तुला आवडणारच, लाव पैज!

हा जुना शिनानो प्रांत. जिकडेतिकडे डोंगर, थंडी कडाक्याची. असल्या उतारांवर भातखाचरं कुठून होणार? लोकांनी गहू आणि कुट्टू पेरला. त्याच पिठाची जाडसर पारी करून आत भाजी भरायची, की झाली तळहाताएवढी ओयाकी. सारण म्हणजे नोझावाना नावाच्या पाल्याचं लोणचं, मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा) लावलेलं वांगं, लाल भोपळा, वाळवलेला मुळा, नाहीतर अझुकी नावाच्या लालसर कडधान्याचं गोड पुरण. शेतं बर्फाखाली गेली की मुरवलेला पाला आणि वाळवलेला मुळाच कामाला येतो.

झेनकोजी देवळाच्या बाजूला ती बहुतेक वाफवतात. लुसलुशीत लागते, पण मला विचारशील तर खरी ओयाकी पश्चिमेच्या डोंगरातली, ओगावा गावाकडची. तिथल्या जुन्या घरांत मधोमध इरोरी असते, जमिनीतच केलेली चौकोनी चूल. ओयाकी आधी शेकायची, मग गरम राखेत पुरायची. बाहेर काढली की थापट्या मारून राख झाडायची. वरची साल चांगली कडक, आत वांगं वाफाळतंय! तुमच्याकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात ना, त्यांचीच जातकुळी. फक्त हिच्या पोटात भाजी.

ऑगस्टमध्ये ओबोनच्या सणाला पितर घरी येतात. तेव्हा झेनकोजीच्या परिसरात १४ तारखेला वांग्याची ओयाकी त्यांच्यापुढे ठेवतात. काही गावांत तर अशी समजूत आहे, की पितर परलोकाचं दगडी दार ओयाकीनंच फोडून येतात. ओगावाकडची साल चावून बघ, तुलाही पटेल.

एके काळी हे भात न पिकणाऱ्यांचं जेवण. १९८३ साली नागानो प्रांताच्या सरकारनं हातानं केलेल्या सोबा (कुट्टूच्या शेवया) आणि नोझावानाच्या लोणच्याबरोबर तिलाही सांस्कृतिक ठेवा ठरवलं. चुलीतल्या वस्तूला सरकारी शिक्का!

एक मात्र ध्यानात ठेव. भाजीची दिसली तरी सारणात बऱ्याचदा दाशी, म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. विचारून घ्यायचं काम माझं.

तोक्योहून बुलेट ट्रेननं दीडेक तासात पोचशील. तिकीट काढलंस की कळव. काकूंना नमस्कार सांग, आणि एवढं विचार: रोडग्यात वांग्याचं सारण भरलं, तर तो आरात फुटेल का?

तुझा,
अविनाश