नाईट उतरून नॉटिंगहॅमला गेलेल्या ताईंना

ताई,

फोनवर हे बोलायला गेले की तुम्ही "जेवलीस का?" विचारून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. मिरजेत आणि कराडात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

काल सकाळी इथे इंग्लंडात नाईट उतरले. साडेबारा तासांची ड्युटी, सगळे बेड भरलेले, पहाटे चारला एका आजोबांचं बीपी कोसळलं. साडेसातला सुटायची ती हँडओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत सव्वाआठ झाले. बसस्टॉपवर उभी होते. पोटऱ्या ठणकत होत्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं, आणि डोक्यात फक्त घर, गरम पाणी आणि पांघरूण एवढंच होतं. तेवढ्यात माझी बस आली आणि एक पाय वर ठेवतानाच तुमची आठवण झाली. अशाच एका सकाळी, असंच अंग घेऊन, तुम्ही घरची बस सोडून दिलीत आणि भलत्याच गावाच्या बसमध्ये बसलात. जिचं तोंडही तोवर पाहिलं नव्हतं अशा मुलीसाठी. तुम्ही केलंत ते किती होतं हे मला तेव्हाही कळलं होतं, पण अंगाला ते काल कळलं. घरी येईपर्यंत रडत होते.

सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते.

मी मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं आयसीयूत होते. हातात पडत होते 17 हजार. 2022 मध्ये इंग्लंडने केअर वर्करना, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांना, हेल्थ अँड केअर व्हिसा खुला केला आणि आमच्या भागात एजंटांचं पीक आलं. आम्ही गाठला तो पुण्याचा. काचेचं केबिन, टेबलावर छोटे झेंडे, भिंतीवर विमानतळावरचे फोटो. नर्सला केअरर म्हणून का पाठवताय असं विचारलं तर म्हणाला, मॅडम, एकदा पोचा तर खरं, तिथे गेल्यावर बदलून मिळतं. एकूण सहा लाख. पहिला हप्ता 2 लाख 40 हजार, उरलेले 'सर्टिफिकेट' हातात आल्यावर. आईच्या पाटल्या गहाण गेल्या.

माझे बाबा एसटीत 31 वर्षं कंडक्टर होते. तिकीट फाडल्याशिवाय त्यांनी कधी कुणाकडून रुपया घेतला नाही. तो माणूस त्या केबिनमधून पावतीशिवाय बाहेर आला, आणि आला तो माझ्यासाठी. या गोष्टीचा सल मला आजही आहे.

जानेवारी 2023 मध्ये ऑफर लेटर आलं. नॉटिंगहॅमजवळचं एक केअर होम, छान लेटरहेड, पगाराचा आकडा, सही. चार दिवसांनी जाड कागदावर सोनेरी शिक्का मारलेलं, व्हिसासाठी लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. उरलेले 3 लाख 60 हजार भरायला आठ दिवसांची मुदत. बाबांनी गावाकडच्या जमिनीसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली.

आणि आम्ही काही डोळे मिटून नव्हतो. व्हिसा देऊ शकणाऱ्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते, हे मी शोधून काढलं होतं. हजारो नावं, प्रत्येकापुढे गाव, रेटिंग आणि कुठल्या प्रकारच्या व्हिसाचं लायसन्स आहे ते. त्या केअर होमचं नाव त्या यादीत होतं. ए रेटिंगसकट होतं! मी ते बाबांना मोबाइलवर दाखवलं, आणि खरं सांगते, त्या रात्री आम्ही सगळे शांत झोपलो. नाव खरं असलं म्हणजे कागदही खरा असेल, अशी माझी समजूत झाली होती. आज माझ्याकडे कुणी कागद पाठवला की मी सगळ्यात आधी हेच सांगते. यादीत नाव सापडलं म्हणजे असा मालक आहे एवढंच कळतं. त्याने तुम्हाला बोलावलंय का, हे त्यालाच विचारावं लागतं.

आमचे एक काका 15 वर्षं लंडनला आहेत. त्यांना आम्ही ते पत्र पाठवलं होतं, एकदा बघा म्हणून विनवलं होतं. नऊ दिवसांनी "जेन्युइन वाटतंय" एवढं लिहून त्यांनी अंगठा पाठवला. काका, तुम्ही हे वाचत असाल तर वाचा. एक फोन करायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती.

मग आमच्या लॅबमधल्या दादांच्या मावसबहिणीची मैत्रीण म्हणून तुमचा नंबर मिळाला. इतक्या लांबचं नातं, की मेसेज कसा सुरू करावा हेही सुचत नव्हतं. मी दोन्ही कागदांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, "ताई, वेळ मिळाला तर बघा." तुमचं उत्तर अर्ध्या तासात आलं. "हे सर्टिफिकेट कुणी दिलं? हा असा कागद नसतोच गं."

तेव्हा पहिल्यांदा कळलं की सीओएस, म्हणजे हे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, हा शिक्क्याचा कागद नव्हेच. ती सरकारच्या संगणकातली नोंद असते, तिला एक नंबर असतो आणि तो नंबर मालकच देतो. तुम्ही हे सांगितलंत, पण बाबांना पटेना. पाटल्या ठेवून बसलेल्या माणसाला ते पटणार तरी कसं? ते म्हणाले, त्या बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत, नियम बदलले असतील. मी तुम्हाला तसंच कळवलं. इथे कुणीही म्हटलं असतं, बघा बाबा तुमचं तुम्ही. तुम्ही फक्त विचारलंत, "पैसे कधी भरायचेत?" मी म्हटलं सोमवारी. तुम्ही म्हणालात, "शुक्रवारची माझी नाईट आहे. शनिवारी सकाळी उतरले की बघते."

मला वाटलं, फोन करून बघतील.

शनिवारी दुपारी आमच्याकडे साडेचार वाजले होते. व्हिडिओ कॉल आला. तुम्ही नर्सच्या ड्रेसवर जाड कोट घातलेला, नाक लालभडक, मागे विटांची भिंत आणि एक पाटी. त्या पाटीवर तेच नाव, जे माझ्या लेटरहेडवर होतं. तुमच्या गावाहून, डर्बीहून, दोन बस बदलून तुम्ही त्या केअर होमच्या दारात उभ्या होतात. आई म्हणाली, "अगं, ह्या झोपल्या नाहीत का?" तुम्ही हसून म्हणालात, "झोपेन हो काकू, बसमध्ये एक डुलकी झालीय. आणि सध्या कुठेही जा, दोन पौंडच तिकीट आहे." मग आत गेलात. फोन हातातच होता, आम्हाला फरशी दिसत होती आणि आवाज ऐकू येत होते. तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, ही सही आमच्या कुणाची नाही, हा फोन नंबर आमचा नाही, आणि असा कागद घेऊन विचारायला आलेल्या तुम्ही तिसऱ्या आहात.

ताई, इथवर जे केलंत ते करणारी आणखी एखादी व्यक्ती जगात असेलही. पण पुढचं जे केलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही त्या बाईंना तेच त्या कागदाच्या मागे दोन ओळीत लिहून सही करून द्यायची विनंती केलीत. बाहेर आल्यावर त्याचा फोटो पाठवलात आणि बाबांना म्हणालात, "काका, माझ्या शब्दावर तुम्ही का विश्वास ठेवावा? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून लिहून आणलंय." माझ्या बाबांना त्या वर्षभरात कुणी इतक्या मानाने वागवलं नव्हतं. एजंट त्यांना 'अंकल, टेन्शन मत लो' म्हणायचा. नंतर तक्रार द्यायला गेलो तिथल्या साहेबांनी बसायलाही न सांगता ऐकवलं, "शिकलेल्या मुलीचा बाप असून फसता कसे?" आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या एका परक्या बाईने त्यांच्या अविश्वासाचाही मान राखला, त्याला लेखी उत्तर आणलं. बाबा फोन ठेवून ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनी जमिनीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

पुढे वर्षभर तुम्ही माझ्यामागे लागलात, त्याचा सगळा हिशेब इथे मांडत नाही. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी तुमची दोन वाक्यं तेवढी लिहिते. पहिलं, "नोकरीसाठी जो पैसे मागतो, तो मालकही नाही आणि मालकाचा माणूसही नाही." एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तिच्या ट्रस्टच्या, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांच्या, जागा त्यांच्याच संकेतस्थळावर निघतात, अर्ज फुकट असतो, आणि परदेशातून नर्स भरताना उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत अशी तिथल्या सरकारची आचारसंहिता आहे. आपल्याकडेही 1983 चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, त्याचं नाव मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं, आणि त्याने घ्यायची फी 30 हजार रुपये अधिक जीएसटी, त्याहून जास्त नाही. आमचा एजंट त्या यादीत नव्हताच. दुसरं वाक्य, "तू आयसीयूची नर्स आहेस, स्वतःला केअररच्या भावात विकू नकोस." हे तुम्ही रागावून म्हणाला होता. चुकीच्या मालकाकडे आलेल्या मुली तुम्ही डर्बीत पाहिल्या होत्या. मालकाचं लायसन्स गेलं की 60 दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर देश सोडा, अशा नोटिशी हातात घेऊन त्या तुमच्या दारात आल्या होत्या, हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत.

मग ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, झाली. दर रविवारी तुम्ही पेशंट व्हायचात आणि मी नर्स. तिथली नर्सिंग कौन्सिल, एनएमसी, तिची तपासणी फी 140 पौंड आणि सीबीटी या संगणकावरच्या परीक्षेचे 83, एवढं मी खिशातून भरलं, आणि तेही नोकरी लागल्यावर ट्रस्टने परत दिलं. व्हिसा त्यांनी काढला, विमानाचं तिकीट त्यांनी काढलं, नॉर्थॅम्प्टनला झालेल्या ऑस्कीची, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेची, फी त्यांनी भरली. मुलाखतीनंतर त्यांचं पत्र आलं तेव्हा बाबांनी मला तीन वेळा विचारलं, "पण भरायचे किती?" काहीच नाही म्हटलं तर ते काळजीतच पडले. तुम्ही त्यांच्याशी बोललात तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

2 लाख 40 हजार परत आले नाहीत. येणार नाहीत. पाटल्या मी गेल्या दिवाळीत सोडवल्या. त्या पुणेवाल्याचं केबिन बंद आहे, पण तसली दुसरी चालू आहेत. इंग्लंडने 22 जुलै 2025 पासून परदेशातून केअरर आणणंच बंद केलं, तरी सुट्टीवर आले होते तेव्हा मिरज स्टेशनजवळ 'यूके केअर व्हिसा, गॅरंटीड' असा बोर्ड मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या बोर्डखालून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला तुमच्यासारखी ताई कुठून मिळणार, या विचाराने मला तिथेच उभं राहवेना.

एक सांगू? मी खूप हुशार माणसं पाहिली, मोठ्या ओळखीची पाहिली, 'काही लागलं तर सांग' म्हणणारी तर पैशाला पासरी. चांगुलपणा मला दिसला तो दमलेल्या माणसांत. आयसीयूत रात्री तीनला दुसऱ्याच्या पेशंटची चादर बदलून जाणाऱ्या मावशी, पाय सुजलेले असताना स्टँडवर म्हातारीचं गाठोडं उचलून देणारे माझे बाबा, आणि तुम्ही. तुमच्यापैकी कुणालाही आपण काही मोठं करतोय असं वाटत नसतं. म्हणून तर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही जेवणाचं विचारता.

भडंग तुम्ही घेतलंत, कंदी पेढेही घेतलेत. पण ते पाकीट तुम्ही दोन्ही वेळा माझ्या पर्समध्ये परत घातलंत. त्या दिवशीचं तुमचं "दोन पौंडच तिकीट" बाबांनी ऐकलं होतं. जाताना दोन बस, येताना दोन, आठ पौंड, तेव्हाच्या भावाने 800 रुपये. त्यांनी मला विमानतळावर सोडताना पाकिटात घालून दिलेत आणि वर त्यांच्या हातच्या अक्षरात लिहिलंय, 'बसभाडे'. पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दर रविवारी फोन झाला की आईच्या आधी बाबा विचारतात, "ताईंनी घेतले का गं?"

ह्या वेळी घ्या, ताई.

तुमची,
मिरजेची सिस्टर