बापाचं नाव विचारलं, लेकीचं नाही

महोदय,

आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या लहान मुलांवरचा लेख आपल्या पुरवणीत दोनदा वाचला. त्या मुलांबद्दल कुणीतरी लिहितंय याचं बरं वाटलं. पण तुरुंगात बापही असतात, आणि त्यातले कितीतरी विशी-बाविशीतले पोरगे असतात. मी त्यांच्यातलाच एक होतो, म्हणून हे पत्र.

आत गेलो तेव्हा मी २१ वर्षांचा होतो, मुलगी ५ महिन्यांची. गुन्हा मारहाणीचा, आणि तो मी केला होता. ज्याला मारलं त्याच्याही घरी दोन लेकरं होती. ते मी विसरलेलो नाही. दाखल करून घेताना नाव, वय, अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या. वडिलांचं नाव तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं गेलं. वडील मी ६ वर्षांचा असतानाच घर सोडून गेले होते, त्यांचं नाव तेवढं मागे राहिलं होतं. तुला मूल आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तरुण पोरांच्या बराकीत ही गोष्ट कुणी आपण होऊन बोलत नाही. हळवा दिसलास की बाकीचे तुला सोडत नाहीत. दिवसभर मारामारीच्या बढाया चालतात. रात्री सगळे आडवे झाले की शेजारचा वहीच्या पुठ्ठ्यातून हळूच फोटो काढतो आणि विचारतो, "तुझं केवढं आहे?" माझ्या रांगेत झोपणाऱ्या ११ जणांपैकी चौघांना मुलं होती. हे कळायला मला दीड महिना लागला.

मुलगी ९ महिन्यांची झाली तेव्हा बायको तिला घेऊन मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला आली. मधे काच, दोन्ही बाजूंना फोन. बायकोने फोन तिच्या कानाला लावला, मी हाक मारली. ती फोनकडेच बघत राहिली, मग तो तोंडात घालायला लागली. मी काचेवर टकटक केली. तिने वर पाहिलं आणि जी रडायला लागली ती वेळ संपेपर्यंत थांबली नाही. मला वाटलं, मी काय केलंय ते पोरीने ओळखलं. बायकोला म्हणालो, "हिला परत आणू नकोस."

पुढचे १४ महिने मी तिला आणू दिलं नाही. बायकोने वाद घातला नाही. पण दर दोन महिन्यांनी पत्रासोबत एक कोरा कागद येऊ लागला, त्यावर मुलीचं पाऊल ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवलेली. मी ते पाऊल बोटांनी मापायचो. सहा बोटं, मग साडेसहा. झडतीत ते कागद जाऊ नयेत म्हणून अंथरुणाखाली पसरून ठेवायचो.

आत शिकवायला येणाऱ्या एका बाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास मूल अनोळखी चेहऱ्याला बिचकायला लागतं. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळू लागल्याची ती खूण असते, मूल नीट वाढतंय असं समजायचं. मी तिथेच बोटांवर महिने मोजले. हे एक वाक्य मला त्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

सुटल्यावर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ चा. त्याचं नववं कलम सांगतं, की आई किंवा बापापासून वेगळं राहावं लागणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित आणि प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तोवर. ही अट मला योग्यच वाटते. ज्याने घरातच हात उचलला त्याच्यासमोर मूल न्यायचं का, हे नीट पाहूनच ठरवायला हवं. पण हक्क मुलाचा आहे. बाप लायक नाही म्हणून तो आपोआप रद्द होत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीबाबतचे नियम सुधारले आणि त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात मंडेलांना आपल्या धाकट्या मुली वर्षानुवर्षं भेटू शकल्या नाहीत. १९६९ मध्ये थोरला मुलगा अपघातात गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीलाही जाऊ दिलं नाही. या नियमांतला सातवा नियम वाचताना मी थांबलो. कैद्याच्या मुलांची नावं, वयं, ती कुठे आणि कोणाच्या ताब्यात आहेत, हे दाखल करतानाच नोंदवा, असं त्यात लिहिलंय. मी आत गेलो ते या सुधारणेच्या बऱ्याच आधी.

त्रेचाळिसावा नियम सांगतो की शिस्तीची शिक्षा म्हणून घरच्यांची भेट बंद करू नये. सुरक्षेसाठी अगदीच गरज पडली तर मर्यादित काळापुरतं बंधन घालता येतं. माझ्या शेजारच्या २० वर्षांच्या पोराची मुलाखत एका भांडणापायी महिनाभर बंद झाली. घरी कुणी कळवलं नाही. त्याची आई नातवाला कडेवर घेऊन आली आणि दारातूनच परतली. आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही, मग पुन्हा भांडला.

काचेविना भेट, जमिनीवर बसून खेळता येईल अशी खोली, नव्या बापांसाठी शिकवणी, या सगळ्याला पैसा आणि माणसं लागतात, आणि ती द्यायलाच हवीत. तोवर निदान दाखल करून घेणाऱ्या प्रत्येकाने वडिलांच्या नावाखाली हे विचारून लिहून घ्यावं: मुलं आहेत का, केवढी आहेत, आत्ता कोणाजवळ आहेत?

माझी मुलगी आता १९ वर्षांची आहे. पावलांचे ते कागद तिच्याकडे असतात. हे पत्र तिला वाचून दाखवूनच पाठवतो आहे. तिचं आणि माझं नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक