झेंडा सुलटा करून देणाऱ्यास

स. न. वि. वि.

तुमचे नाव कुठे लिहू नये असे तुम्ही बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. आभार मानू नयेत असे मात्र तुम्ही म्हटलेले नाही.

आमच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रात्यक्षिके वर्षानुवर्षे टर्बो सी या डॉसच्या काळातल्या जुन्या कंपायलरवर चालत आली. ते सोळा बिटी असल्यामुळे ६४ बिटी विंडोजवर थेट चालत नाही, डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या कुबड्या लागतात, आणि एवढे करून मुलांच्या पदरी पडतात ते ६४० बाय ४८० पिक्सेल आणि १६ रंग. म्हणून टर्बो सीच्या ‘ग्राफिक्स डॉट एच’मधली चित्रे काढण्याची फंक्शने त्याच नावांनी चालतील अशी एक छोटी लायब्ररी मी लिनक्ससाठी लिहिली. पण बहुतेक मुलांच्या घरी विंडोज, दोघातिघांकडे मॅक, आणि माझी विद्या एक्स इलेव्हनपाशीच, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या यंत्रणेपाशीच, संपत होती.

ती विंडोज आणि मॅकवर चालती करण्याचे काम तुमच्याआधी दोघांनी अंगावर घेतले होते. पहिल्याने आगाऊ रक्कम घेऊन फोन उचलणे सोडले. दुसऱ्याने विंडोजवर तिरंगा काढून दाखवला खरा, पण त्यातला केशरी पट्टा आकाशी उमटला, कारण विंडोजच्या बिटमॅपमध्ये निळ्याचा बाइट आधी आणि लालचा शेवटी असतो हे त्याच्या गावीही नव्हते. वर, ‘प्रोफेशनल दिसत नाही’ म्हणून कोडमधल्या माझ्या सगळ्या मराठी कॉमेंट, म्हणजे समजावून सांगणाऱ्या टिपा, त्याने पुसून टाकल्या. आकाशी पट्ट्याचे मला हसू आले होते. कॉमेंटचे वाईट वाटले, कारण त्या मी मुलांसाठी लिहिल्या होत्या.

तुम्ही रंग जागेवर आणलेत आणि मॅकवर विंडो प्रोग्रॅमच्या मुख्य थ्रेडवरूनच, म्हणजे कामाच्या मुख्य धाग्यावरूनच, हाताळावी लागते म्हणून निम्मी रचना फिरवलीत. त्या खटपटीचा पाढा इथे वाचत नाही. मनात राहिले आहे ते वेगळेच. तुम्ही माझी मूळ प्रत मागवून घेतलीत तेव्हा कारण कळले नव्हते. पाठवलेली फाइल उघडली तेव्हा प्रत्येक कॉमेंट जागच्या जागी परतलेली दिसली, तीही माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून. आणि मॅकच्या भागात तुमची स्वतःची एक होती: ‘सर, इथे पिक्सेल मोजण्याचे शून्य वरच्या नाही, खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे. मुलांना फळ्यावर काढून दाखवा, नाहीतर झेंडा उलटा फडकेल.’

ज्या माणसाला एक पैसा घ्यायचा नव्हता, त्याने न पाहिलेल्या मुलांचा एवढा विचार करावा, याचे मला अजून नवल वाटते. दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावताना असा संकोच बाळगणारी माणसे पूर्वी सर्रास भेटत, की हा माझ्या वयाचा भ्रम आहे, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने भावाच्या जुन्या मॅकवर तिरंगा काढला, २४ आऱ्यांसकट, केशरी वर. कोड वाचताना तिने विचारले, “सर, तुम्हाला यात ‘सर’ म्हणणारे हे कोण?” मी तुमचे नाव सांगितले नाही.

आपला ऋणी,
एक अधिव्याख्याता