दोस्ता, अँटिपास्तो म्हणजे आपली कलेजीच

प्रातो (इटली), ९ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण मागे काकू कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या आणि तिसऱ्या शिट्टीला त्यांनी तुला "गॅस बंद कर रे" म्हणून हाक मारली, ते ऐकून एकदम नाशिकच्या तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यासारखं वाटलं. उत्तर मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे लांबलचक लिहितोय. काल इथे सुट्टी होती, इमाकोलाता, म्हणजे मेरीमातेचा सण, त्या दिवशी सगळे घरात झाड लावतात आणि तिथून सणाची गडबड सुरू होते ती सहा जानेवारीपर्यंत.

तर तुला एकतीसला गच्चीवर पस्तीस माणसांसाठी "काहीतरी इटालियन स्टार्टर, ख्रिसमसचं, लाल-हिरवं, फोटोत भारी येईल असं" पाहिजे. आणि सोबत तू पाठवलेला तो फोटो, टूथपिकमध्ये चेरी टोमॅटो, चीजचा गोळा आणि तुळशीचं पान खोचून केलेलं झाड. भावा, सहा वर्षं झाली मला इथे, ख्रिसमसच्या टेबलावर असलं झाड मी कोणाच्या घरी बघितलेलं नाहीये. टोमॅटो-मोझ्झारेल्ला हे उन्हाळ्याचं खाणं, डिसेंबरातल्या टोमॅटोला इथे चव नसते आणि लोक ते तोंडावर सांगतात.

आणि तो तुझा जोक की अँटिपास्तो म्हणजे पास्त्याच्या विरोधात, तो इथे रोज कोणीतरी मारतंच, माझा पण मारून झालाय. 'पास्तो' म्हणजे जेवण आणि 'अँटि' म्हणजे आधीचं. जेवणाआधीचं, बस. ते काय असेल ते मात्र गावागणिक बदलतं. तोरीनोकडे वासराच्या थंड मांसाच्या पातळ चकत्यांवर ट्यूना माशाचा सॉस घालतात, नेपल्सला उकडलेल्या फ्लॉवरची आंबट कोशिंबीर करतात, ऑलिव्ह आणि खारवलेली मासळी घालून, आणि आमच्या तोस्काना प्रांतात पंचवीस तारखेला दुपारी एक वाजता जे पहिलं ताट फिरतं त्यात असतात क्रोस्तीनी, म्हणजे भाजलेल्या पावाच्या चकत्या, आणि त्यावर कोंबडीची कलेजी.

हो, कलेजीच. रंग चिखलासारखा, फोटोत काहीच येत नाही. पण पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा मी डोळे मिटले आणि मला तुमचा ओटा दिसला. आठव ना, रविवारी काका मटण आणायचे, मटण शिजायला अजून दीड तास, आणि काकू कलेजी बाजूला काढून तव्यावर हळद-मीठ-मिरपूड टाकून परतायच्या, आपण दोघं ओट्याला टेकून उभे, हातावर एकेक तुकडा, गरम म्हणून या हातातून त्या हातात. ते काय होतं? जेवणाआधीचंच होतं की. आपण लहानपणापासून अँटिपास्तो खातोय लेका, फक्त त्याला डिश नव्हती.

म्हणून माझं म्हणणं, तेच कर. कृती देतो, पण आधी माझी फजिती ऐक.

पहिल्या वर्षी मालकीणबाईंनी मला चोवीसच्या रात्री जेवायला बोलावलं. खालच्या मजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या आसपास, मी त्यांना सिन्योरा म्हणतो. मी म्हटलं मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून ऑफिसमधल्या एकाकडून कृती घेतली, दुपारभर खपून चाळीस क्रोस्तीनी केली, मोठ्या ट्रेमध्ये गोल गोल लावली आणि ऐटीत दार वाजवलं. दार उघडलं, वास आला, आणि सगळं घर गप्प. चोवीस तारीख म्हणजे विजिलिया, त्या रात्री पारंपरिक घरात मटण-चिकन नसतं, मासे खातात. टेबलावर खारवलेला कॉड होता, कालवं होती, आणि मी दारात कलेजीचा ट्रे घेऊन. संकष्टीला कोणाच्या घरी सुक्कं मटण घेऊन जावं तसं. मला काय माहीत, मी आपला समजत होतो की ख्रिसमस म्हणजे सगळं चालतं.

सिन्योरा काही बोलल्या नाहीत. ट्रे घेतला, वर एक फडकं टाकलं, बाल्कनीत ठेवून आल्या. बाहेर फ्रीजपेक्षा जास्त थंडी होती. म्हणाल्या, "दोमानी." उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोलावलं म्हणून गेलो. त्या गाऊनवर स्वेटर घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेल्या, मांडीवर माझा ट्रे, आणि जेवणातल्या बोथट सुरीने एकेका पावावरची कलेजी खरवडून पातेल्यात टाकत होत्या. चाळीसच्या चाळीस. पाव रात्रभरात ओला होऊन लिबलिबीत झाला होता, तो एका बाजूला सूपसाठी म्हणून ठेवलेला. मग पातेल्यात कोंबड्याच्या रश्शाचा एक डाव ओतला, मंद गॅसवर ढवळलं, बोटाने चाखलं आणि मला म्हणाल्या, पाव काप. सगळी परत लावली आम्ही. आणि खरं सांगू का, आदल्या दिवशीपेक्षा चव कितीतरी चांगली लागत होती, रात्रभर मुरली होती ना. तेव्हापासून मी कलेजी आदल्या दिवशीच करून ठेवतो, पाव मात्र पाहुणे आल्यावर भाजतो.

आता कृती. पस्तीस माणसं, त्यातली निम्मी शाकाहारी धरू, तर अर्धा किलो कोंबडीची कलेजी पुरे, चाळीसेक तुकडे होतात. एक मोठा लाल कांदा, अँकोव्ही म्हणजे खारवलेल्या छोट्या माशाचे तीन तुकडे, एक मोठा चमचा केपर्स (काय ते खाली सांगतो), अर्धा ग्लास गोड वाईन, पन्नास ग्रॅम बटर, थोडं ऑलिव्ह तेल, आणि दोन-तीन कप चिकनचं साधं पाणी, म्हणजे हाडं उकळून केलेलं सूप, त्यात हळदबिळद काही नाही.

कलेजी साफ करणं हेच खरं काम. एकेक तुकडा हातात घेऊन उलटापालटा बघ, दोन पाळ्यांच्या मधे पांढरे धागे असतात ते ओढून काढ, आणि कुठे हिरवट-पिवळा डाग दिसला तर तेवढा भाग सरळ कापून फेक. तो पित्ताचा. एका तुकड्यावर राहिला तरी अख्खं पातेलं कडू होतं, मग कितीही वाईन ओत. मी हे काम खिडकीशी उजेडात करतो, पाऊण तास जातो.

कांदा बारीक चिरून तेल आणि अर्ध्या बटरवर अगदी मंद आचेवर परत, लाल करायचा नाही, नुसता मऊ, त्याला दहा-बारा मिनिटं दे. आपल्याला घाई असते, कांदा म्हटलं की आपण गॅस मोठा करतो, इथे नको. मग कलेजी टाक आणि गॅस जरा वाढव. लाल रंग जाऊन करडा झाला की वाईन. चर्र आवाज येईल, नाकाला झिणझिण्या आणणारी वाफ येईल, ती पूर्ण जाऊ दे. मग अँकोव्ही टाक, ते विरघळून जातात, मासा म्हणून कळत पण नाही, फक्त मागे एक खोल खारट चव राहते. मग डावभर सूप, आटलं की परत डावभर, असं वीसेक मिनिटं. कलेजी आत गुलाबी ठेवायची वगैरे भानगड इथे नाही, पूर्ण शिजवतात. शेवटी केपर्स. मीठ अजिबात आधी घालू नकोस, केपर्स आणि अँकोव्ही मिळून मिठाचं काम करतात, शेवटी चाखून मग काय ते.

आता वाटणं. मिक्सरला लावशील तर माझ्या दुसऱ्या वर्षीसारखं होईल, गुळगुळीत, बुटाच्या पॉलिशसारखं. सिन्योरांकडे मेझ्झालूना आहे, अर्धचंद्रासारखं पातं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, ते पाटावर पाळण्यासारखं डुलवायचं, मूठ वर-खाली, वर-खाली, मग सगळं पाटाच्या मधे ओढून पुन्हा. त्याने कण राहतो, दाताला लागतो. तुझ्याकडे ते नसणार, मोठ्या सुरीने चिर नाहीतर काकूंच्या खलबत्त्यात जाडसर कुट, माझ्या मते खलबत्ता उत्तम. मग परत पातेल्यात, उरलेलं बटर, दोन मिनिटं, झालं.

सामान तिथे कसं जमवायचं ते सांगतो. इथे जी वाईन घालतात ती विन सांतो, द्राक्षं घडांनी टांगून किंवा पेंढ्याच्या चटयांवर महिनोनमहिने सुकवतात, जवळजवळ बेदाणा होत आला की दाबून रस काढतात आणि लहान पिंपांत काही वर्षं ठेवतात. तू द्राक्षांच्या गावचा, तुला काय शिकवू. तुमच्याकडे लेट हार्वेस्ट म्हणून गोड वाईन मिळते ती चालेल. गव्हाची पोर्ट नको, म्हणजे गोव्याची रे, टायपिंग बघ माझं... ती फार गोड, असेलच घरात तर निम्मीच घाल.

केपर्स बाटलीतले मिळतील मोठ्या दुकानात, व्हिनेगरमधले असले तर धुऊन घे. ही फुलाची मिटलेली कळी असते, खारवलेली. गंमत सांगतो, आषाढीच्या बाराशीला आजी उपास सोडताना वाघाट्याची भाजी करायची ना, ती वाघाटी याच झाडाच्या कुळातली, चुलत बहीण म्हण. राजस्थानी केर-सांगरीतलं केर पण त्यातलंच. केपर्स नाहीच मिळाले तर केरचं लोणचं मसाला धुऊन घालून बघ, मी केलेलं नाही, पण चालायला हरकत नसावी. अँकोव्ही पण बाटलीत मिळते. आपली मांदेली त्याच घराण्यातली खरी, पण म्हणून सुकी मांदेली घालू नकोस, वासाने गच्ची रिकामी होईल.

पावाचं म्हणशील तर इथला पाव अळणी. म्हणजे पिठात मीठच नाही, शून्य. प्रातोत त्याला बोत्सा म्हणतात, बाहेर कडक सालीचा, आत भोकाभोकांचा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं बेकरीवाला मीठ विसरला, दुसऱ्या बेकरीत गेलो तर तोही विसरलेला. आता या तोस्काना पावाला २०१६ पासून युरोपियन युनियनचा डीओपी शिक्का आहे, आपल्या नाशिकच्या द्राक्षांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तसंच काहीसं. का अळणी, यावर दहा लोक दहा गोष्टी सांगतात, पिसावाल्यांनी मिठावर कर लावला वगैरे. पण वर खारट कलेजी आली की ते बरोबर जमतं. तू लादीपाव घेऊ नकोस, विरघळेल. लांब कडक फ्रेंच लोफ घे, तिरक्या बोटभर जाड चकत्या काप, तव्यावर कोरड्याच भाज. आणि आता मुख्य युक्ती, चकतीची एकच बाजू गरम सुपात टेकवायची, टेकवायची म्हणजे टेकवायचीच, चहात बिस्कीट बुडवतो तसं नाही, आणि त्या ओल्या बाजूवर कलेजी लावायची. खाली कुरकुरीत, वर मऊ. कोमटच वाढ.

शाकाहारी मंडळींना वाईट वाटू देऊ नकोस, त्यांच्यासाठी पण इथलंच अस्सल आहे. पांढरा राजमा मऊ उकडून, लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतून, अर्धवट ठेचून पावावर, वर मिरपूड. तोस्कानाच्या लोकांना बाकीचे इटालियन 'शेंगाखाऊ' म्हणून चिडवतात इतकं हे राजमा-पावटा प्रकरण यांचं आवडतं. किंवा नुसता भाजलेला पाव, गरम असतानाच त्यावर लसणीची पाकळी घासायची, वर तेल आणि मीठ. नोव्हेंबरात नवीन तेल निघतं तेव्हा इथे लोक एवढंच खातात, ते तेल हिरवंगार आणि घशाला मिरचीसारखं लागतं, पहिल्यांदा मला ठसकाच लागला होता. हे साधं वाटेल पण सगळ्यात आधी हीच प्लेट संपते, लिहून ठेव.

बाकी माझं बरं चाललंय. मशीनच्या कामासाठी पुढच्या महिन्यात बहुतेक पानिपतला यायचंय, प्रातो पण पानिपतसारखंच जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा कापड करणारं, त्यामुळे दोन्हीकडचा धंदा एकच. तिथून नाशिकला दोन दिवस काढतोच. सिन्योरांचा यंदा गुडघा दुखतोय, कलेजी साफ करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय, पण शेजारी बसून प्रत्येक तुकडा तपासतात आणि मी फेकलेल्यातला अर्धा परत उचलतात. काकूंना नमस्कार सांग. कलेजी त्यांच्याकडूनच साफ करून घे, तुझा मला भरवसा नाही.

तुझाच,
मी

ता.क. एकतीस तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार येत नाही ना ते कालनिर्णय काढून आत्ताच बघ. येत असेल तर सगळा राजमा कर, आणि कलेजी एक तारखेला आपल्या दोघांच्या नावाने ओट्यापाशी उभं राहून खा.