स्केट पार्क बांधण्याआधी जनवारकडे पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या शहरात क्रीडांगणासाठी राखीव असलेल्या एका भूखंडावर स्केट पार्क, म्हणजे चाकांच्या फळीवर (स्केटबोर्डवर) उभं राहून चढउतारांवर खेळायची जागा, करण्याचं घाटत आहे. कल्पना उत्तम आहे, माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. पण कानावर येते ती चर्चा सगळी कुंपणाची, प्रवेशशुल्काची, दिव्यांची आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं याची. म्हणून मध्य प्रदेशातल्या जनवार या खेड्याची हकिकत आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

पन्ना म्हटलं की आपल्याला छत्रसाल-बाजीराव आठवतात, फार तर हिऱ्यांच्या खाणी. जनवार त्याच पन्ना जिल्ह्यातलं, व्याघ्र प्रकल्पाजवळचं लहानसं गाव. गोंड आदिवासी आणि यादव अशी मुख्य वस्ती. दोघांचं उठणं-बसणं वेगळं. या गावात २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी पुढाकार घेऊन काँक्रीटचा स्केट पार्क उभा केला. नाव ठेवलं ‘जनवार कॅसल’. तोवर गावातल्या मुलांनी स्केटबोर्ड पाहिलाही नव्हता. कलावंतांनी रंगवलेले बोर्ड विकून त्यासाठी पैसे जमवले गेले.

बाईंना प्रेरणा मिळाली होती काबूलच्या ‘स्केटिस्तान’ या मुलांना स्केटबोर्ड शिकवणाऱ्या संस्थेवरून. तिचा संस्थापक ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन तरुण २००७ मध्ये काबूलला गेला तेव्हा त्याच्याजवळ बोर्ड होते. रस्त्यावरची मुलं भोवती जमू लागली, त्यात मुलीही होत्या. मुलींनी सायकल चालवणं तिथे लोकांना खपत नसे, पण स्केटबोर्डला कोणी मनाई केलेली नव्हती, कारण ही वस्तू कोणाला ठाऊकच नव्हती! मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. क्रिकेटच्या मैदानात मुलगी उतरली की ‘इथे तुझं काय काम’ हे तिला नजरेनेच सांगितलं जातं. कबड्डीच्या, कुस्तीच्या आखाड्यात कोण आधी, कोण नंतर हे पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेलं असतं. नव्या खेळावर मात्र कोणाची मालकी नसते. तो गोंडांचा नसतो, यादवांचा नसतो आणि मुलग्यांचाही नसतो.

ही मोकळीक मात्र फार दिवस टिकत नाही. दांडगी पोरं चार दिवसांत जागा बळकावतात. मी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आहे; चेंडू टाकला की तो कोणाच्या पायात जातो हे मला सांगायला नको. जनवारला यावर दोन नियम केले गेले. पहिला, शाळेत गेलं नाही तर स्केटबोर्ड नाही. दुसरा, मुली आधी. बोर्ड सगळ्यांचे सामाईक. मुलगी आली आणि तिने बोर्ड मागितला की मुलग्याने उतरायचं आणि तो तिच्या हातात द्यायचा. प्रशिक्षक ठेवलाच नाही. मोठ्यांनी लहानांना शिकवायचं, पडलेल्याला उचलायचं. कित्येक मुलं तर अनवाणीच खेळत. एकत्र पडता-उठता गोंड आणि यादवांची मुलं एकमेकांचा हात धरू लागली. असल्या गोष्टी सभा घेऊन आणि फलक लावून होत नाहीत.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मुळीच नाही. मुली पडतील, हातपाय मोडतील, मग लग्नं कशी व्हायची, अशी बोलणी घरच्यांना ऐकावी लागली. आशा गोंड ही त्यांतलीच एक मुलगी. इंग्रजी शिकायला इंग्लंडला जाण्याची तिला संधी आली, तेव्हा आईवडिलांची समजूत काढता काढता महिने गेले. पण ती गेली. पुढे २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्केटबोर्डिंग स्पर्धेत ती भारतातर्फे उतरली. आता ‘बेअरफूट स्केटबोर्डर्स’ ही संस्था काढून ती गावातल्याच मुलांसाठी काम करते. पदकापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

आता बांधकामाविषयी. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की सपाट रिंक, चाकांचे बूट आणि उन्हाळी शिबिर डोळ्यांपुढे येतं. स्केटबोर्डची गोष्ट निराळी आहे. त्याचं चाक जेमतेम दोन इंचांचं. सांध्यात किंवा बारीकशा खड्यावर ते अडलं की बोर्ड जागीच थांबतो आणि मूल पुढे फेकलं जातं. त्यामुळे ठेकेदारांचे लाडके पेव्हर ब्लॉक इथे कामाचे नाहीत. उताराची कमान एकसंध काँक्रीटची, गवंड्याने थापीने घोटून घोटून गुळगुळीत केलेली असावी लागते. वरच्या काठाला लोखंडी नळी बसवावी लागते. पाणी साचू नये म्हणून ढाळ नीट काढावा लागतो. हे काम स्वतः स्केटिंग करणाऱ्यालाच कळतं. आपल्या देशातही असे पार्क बांधणारे स्केटर आहेत. त्यांना नकाशाच्या वेळीच बोलवावं, खड्डा पडल्यावर नव्हे.

प्रवेशशुल्काला माझा ठाम विरोध आहे. रोजचे दहा रुपये म्हणजे भूखंडामागच्या झोपडपट्टीतल्या मुलांना ‘येऊ नका’ असं सांगणंच आहे. त्यातही घरात पैसे मुलाला मिळतील, मुलीला नाही. त्याऐवजी पालिकेनेच वीस-पंचवीस बोर्ड आणि हेल्मेटं घ्यावीत आणि ती तिथेच सामाईक ठेवावीत. संध्याकाळी फाटकाला कुलूप घालू नये. खासगी शिबिरांना जागा भाड्याने देऊ नये. आणि ‘मुली आधी’ हा नियम पहिल्या दिवसापासून लागू करावा, कारण एकदा जागा मुलग्यांची झाली की ती परत मिळवणं किती अवघड असतं हे मी शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आराखडा मंजुरीला ठेवण्याआधी आसपासच्या शाळांतल्या आणि वस्तीतल्या मुलामुलींची एक बैठक पालिकेने त्या भूखंडावरच घ्यावी आणि तिची तारीख आपल्या दैनिकातून जाहीर करावी, अशी माझी विनंती आहे. मुलींना घेऊन मी स्वतः येईन.

आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, वर्धा