नदीतल्या माशांचा पंचनामा पहाटे हवा

संपादक महोदय,

नदीत मासे मेले की दुपारी पाण्याचे नमुने भरून नेतात आणि आठवड्याने अहवाल येतो : विरघळलेला ऑक्सिजन मर्यादेत. अहवाल खोटा नसतो. वेळ चुकलेली असते.

मुळा-मुठेत सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडते आणि रात्री तोच ओढून घेते. त्यात तळाचा कुजणारा गाळ वाटेकरी. पुण्याच्या उंचीवर, ३० अंश तापमानाच्या पाण्यात मुळातच लिटरमागे सातेक मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. माशांसाठी किमान ४ हवा. ऑक्सिजन सर्वांत कमी होतो सूर्योदयाच्या आधी. म्हणून मोजणी पहाटे पाचला, नदीवरच व्हावी. मीटर नसेल तर ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरून मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही ऑक्सिजन जागीच बांधून ठेवणारी रसायने तिथेच घालावीत. प्रयोगशाळेपर्यंत पाणी तसेच हिंदकळत नेले तर आकडा बदललाच समजा.

माशांना मारणाऱ्या अमोनियाचे गणित मात्र उलटे, त्याचा धोका दुपारी. शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी मुक्त रूपात असतो, ९ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तेव्हा सामू आणि तापमान न लिहिता नुसता एकूण अमोनिया छापणे निरर्थक. अमोनियाचा नमुना गंधकाम्ल (सल्फ्युरिक आम्ल) घालून बर्फात न्यावा; धातूंसाठी वेगळी बाटली, त्यात नत्राम्ल (नायट्रिक आम्ल).

माशांकडे तर कोणी बघतही नाही. मोठे मासे आधी, तोंड उघडे ठेवून मेले असतील तर संशय ऑक्सिजनवर. चिंगळ्या-पिल्ले आधी गेली, किंवा हवेतून श्वास घेणारे मरळ-मागूरही मेले, तर विषावर. कल्ल्यांचे रक्त चॉकलेटी दिसले तर नायट्राइट. कल्ल्यांवर चिकट थर साचला असेल तर जस्त-तांब्यासारखे धातू किंवा साबणी रसायने तपासावीत.

फुगून वर आलेला मासा यासाठी कुचकामी, कारण कल्ले काही तासांतच सडतात. तडफडणारा मासा घ्यावा आणि त्याचे कल्ले लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवावेत. यासाठी पहाटे नदीवर पोहोचणारे पथक हवे. अग्निशमन दलाला रात्रपाळी असते, नदीला का नसावी?

– एक वाचक, पुणे